दात बघणारे दहातोंडे

कुठल्याही सरकारी दवाखान्याची तपासणी संपली की दहातोंडे तिथल्या डॉक्टरचा हात आपल्या हातात घेत, त्यावर खिशातला रुमाल टाकत आणि रुमालाखाली त्याची बोटं दाबत. दोन बोटं दाबली तर दवाखाना दोनदाती. चार दाबली तर चारदाती. नुसतीच मूठ मिटवून परत दिली, तर डॉक्टरनं समजून घ्यायचं, की आपला दवाखाना अजून दुधाच्या दातांवर आहे. नुकतीच डॉक्टर झालेली पोरं ह्या प्रकाराला फार घाबरायची. एकानं तर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "साहेबांना नक्की काय हवंय?"

साहेबांना काहीच नको होतं. ते मूळचे घोडेगावचे. बाप जनावरांच्या बाजारात दलाल. तिथे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटांनी बोलतात. आणि बैलाचं वय विचारत नाहीत, जबडा उघडून बघतात. दुधाचे दात असले तर तो आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती. सगळे दात येऊन तोंड भरलं, की म्हणायचं, बैल जुळला. एवढी विद्या घेऊन हा माणूस आरोग्य खात्यात विस्तार अधिकारी झाला, आणि खात्यानं पुढे दिलेलं सगळं प्रशिक्षण त्यानं ह्या विद्येखाली दाबून टाकलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ह्या हकिकतीत पुढे दहातोंड्यांचा डावा पाय जाणार आहे. नंतर तुम्ही म्हणाल, हसवत हसवत आणलं आणि इथे सोडलं. मलाही तसंच सोडलं होतं, पण मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मी त्याच ऑफिसात सांख्यिकी सहायक होतो. पुण्याहून बी.एस्सी. करून नगरला आलेला, आणि आकड्यांशिवाय जगातलं काहीही न कळणारा. दहातोंडे मला नावानं हाक मारत नसत. "ओ बीएस्सी" म्हणत. त्यांच्या तोंडी ती पदवी एखाद्या आजारासारखी वाटायची.

नव्वदीच्या मधल्या कुठल्याशा वर्षी मुंबईहून एक इंग्रजी फॉर्म आला. गावातलं उपकेंद्र, त्याच्या वरचं प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्या वरचं ग्रामीण रुग्णालय आणि सगळ्यांच्या वरचा मोठा दवाखाना, हे सगळे मिळून एक होऊन काम करतात का, आणि हे एक होणं कितपत 'मॅच्युअर' झालंय, ते पाच पायऱ्यांत कळवायचं होतं. आमचे जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "मराठी करा आणि खाली पाठवा." मी 'परिपक्व' लिहिलं, पण तो शब्द मला फणसासारखा वाटला. खोडला. सोपं लिहावं म्हणून बसलो आणि एक वाक्य सुचलं. ते इतकं आवडलं, की स्वतःच सायक्लोस्टाईल करून जिल्हाभर पाठवलं: 'आपल्या क्षेत्रातील सेवा वयात आली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.'

थोड्याच दिवसांत जिल्ह्याच्या सगळ्या दिशांनी वयात आलेल्या मुलींच्या याद्या यायला लागल्या. नर्सबाईंनी घरोघर फिरून, इमानदारीनं केलेल्या. एका उपकेंद्रानं खाली शेराही मारला होता, 'पैकी दोघींची लग्ने जमली आहेत.' एका गावच्या सरपंचानं, आमच्या पोरींची चौकशी नगरला कशाला पाहिजे, असा खरमरीत सवाल टाकला होता.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी बाहेर आलो तेव्हा दहातोंडे बशीत चहा ओतून पीत होते. त्यांना मधुमेह होता आणि चहात ते तीन चमचे साखर घालत. कोणी टोकलं तर म्हणत, "एवढ्या शुगर फॅक्टऱ्या ह्या जिल्ह्यात. आमी बिनसाखरंचा प्यालो तर त्या चालवायच्या कुनासाठी?"

"बीएस्सी, बसा," ते म्हणाले. "किती पायऱ्या हायेत म्हनला?"

"पाच."

"मग आपल्याकडं बी पाचच हायेत की." त्यांनी एकेक बोट मिटत मोजलं. "आदत. दोनदाती. चारदाती. सहादाती. जुळला. आवो, तुमचं ते इंग्रजी काय म्हनतंय? दवाखानं एकमेकाला जुळलेत का. आमी पिढ्यान्‌पिढ्या त्येच बघतोय."

मी त्यानंतर बरेच शब्दकोश चाळले. 'एकात्मिक' आणि 'परिपक्व' हे दोन्ही एका शब्दात बसवणारा, 'जुळला'सारखा दुसरा शब्द मला अजून मिळालेला नाही.

तपासणीला आम्ही दोघंच जायचो. मी फॉर्म घेऊन, ते रुमाल घेऊन. औषधांचा साठा, गाडी चालू की बंद, फोन लागतो का, हे सगळं मी भरायचो. दहातोंडे बाकावर बसून राहत आणि शेवटी एकच प्रश्न टाकत.

"डाक्टर, ज्याला कुनी न्हाई असा मानूस आला तर काय करता?"

"त्याच्या नातेवाइकांना बोलावून घेतो."

"कुनी न्हाई म्हनलं ना."

"मग... शेजारीपाजारी असतील."

"शेजारी बी न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे बघे. मी फॉर्मकडे बघे. दहातोंडे मूठ मिटवून त्याच्या हातात देत, आणि आम्ही एस.टी.ला जायचो.

परतताना खिडकीशी बसून ते मला समजावत, "आसं बघा. खालच्या दवाखान्यातनं वरच्या दवाखान्यात चिठ्ठी कोन नेतो? नातेवाईक. रगत कोन आनतो? नातेवाईक. सलाईनची बाटली धरून हुबा कोन ऱ्हातो? गाडी बंद पडली तर धक्का कोन मारतो? मग जुळलंय त्ये काय जुळलंय? दवाखानं न्हाई जुळलं. पेशंटचा मेव्हना जुळलाय!"

हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला होता, की ते तो कुठेही विचारत. एका सहकाऱ्याच्या लग्नात पंगत बसली होती. वाढपी घाईत पुढे सरकला, तर दहातोंडे भर मांडवात ओरडले, "ओ पाव्हनं, ज्याला कुनी न्हाई त्याला भात कोन वाढतो हितं?" सगळी पंगत हसली. वाढप्यानं परत येऊन त्यांच्या पानात भाताचा डोंगर केला. त्यांनी तो संपवला, पण हसले नाहीत.

त्यांच्या घरी कोण आहे, हे ऑफिसात कोणाला नीट ठाऊक नव्हतं. ते एका कापडदुकानाच्या वर खोली घेऊन राहत. विचारलं तर म्हणत, "हायेत की. गावाला." सगळ्यांचीच माणसं गावाला असतात. पुढे कोणी विचारत नसे.

आता पाय घेऊन गेला तो खिळा. घोडेगावला बाजाराच्या दिवशी ते सुट्टी टाकून जात. घ्यायचं काही नसे, नुसते जबडे बघत हिंडत. एकदा तिथे बैलाच्या खुराला पत्री ठोकतात तो खिळा त्यांच्या चपलेतून आरपार पायात गेला. मधुमेहानं पाय बधिर झालेला, त्यामुळे त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फरशीवर डाग दिसले तेव्हा शिपायानं सांगितलं. मग चार दिवस कापूस लावला, हळद लावली. एका सकाळी मी त्यांच्या खोलीवर जाऊन पाहिलं, तर अंगठ्याच्या बाजूला पाय निळा-काळा पडला होता आणि खोलीत वास येत होता.

"आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात चला," मी म्हणालो. "तिथले सगळे डॉक्टर तुम्हाला ओळखतात."

"म्हनूनच न्हाई जायचं," दहातोंडे म्हणाले. त्यांचे डोळे तापानं आणि आनंदानं चमकत होते. "बीएस्सी, साहेब जिल्ह्याच्या नावावर 'जुळला' लिहिनार हायेत. आपल्याला दात बघायचेत. आता खरा पेशंट मिळालाय. मला कुनी वळखत न्हाई आशा बाजूला जायाचं, आन उपकेंद्रापासनं सुरवात करायची. आसा मानूस, ज्याला कुनी न्हाई. तुमी लांब बसायचं. वळख दाखवायची न्हाई."

"आणि पाय?"

"पायाला कुठं काय कळतंय?" ते म्हणाले.

मला तेव्हा हो म्हणायला नको होतं, हे लहान मूलही सांगेल. पण पायात पायजमा, डोक्यावर मळकी टोपी, हातात काठी, असे ते एस.टी.त चढलेसुद्धा होते. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसलो, आणि अनोळखी दिसण्यासाठी एवढा प्रयत्न केला, की कंडक्टरनं मला दोनदा तिकीट विचारलं.

दक्षिणेकडच्या एका तालुक्यातलं एक उपकेंद्र. नाव सांगत नाही. तिथे साळवे सिस्टर होत्या. जाड चष्मा, पांढरी साडी, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी फडकं सोडलं, पाय पाहिला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या. जखम धुतली, इंजेक्शन दिलं.

"बाबा, ह्यो पाय आज वर गेला पायजे. उद्या न्हाई, आज. संगं कोन हाय?"

"कुनी न्हाई."

"घरी?"

"न्हाई."

सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आन ह्ये कोन?"

"काय म्हाईत," दहातोंडे म्हणाले. "यस्टीतनं माझ्या मागंच हायेत."

सिस्टर माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मी घाईनं म्हणालो, "मला थंडी-ताप आहे." म्हणून त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं आणि समोर उभं राहून मलेरियाच्या गोळ्या गिळायला लावल्या. त्या कडू गोळ्यांची चव घेऊन मी पुढचा प्रवास केला. सिस्टरनी आपल्या चपला पायात सरकवल्या, स्वतः रस्त्यापर्यंत येऊन एक टेम्पो थांबवला आणि दहातोंड्यांना पुढे बसवून दिलं. टेम्पोत चढताना ते मला ऐकू जाईल असं पुटपुटले, "ही बाई जुळलेली हाय. एकटीच."

आरोग्य केंद्रात बाकावर बसवलं. गाडी होती, ड्रायव्हर लसीकरणाला गेला होता. कंपाउंडर भला माणूस होता, पण त्याचाही पहिला प्रश्न तोच. "नातेवाईक कुठायत? चिठ्ठी देतो, त्यांच्याकडनं गाडीचं बघा." दहातोंडे म्हणाले, कुणी नाही. "मग येतील तवर बसा," कंपाउंडर म्हणाला. कोण येतील, हे त्यानं सांगितलं नाही. ते बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी मिळाली. ग्रामीण रुग्णालयात खाट मिळाली, सलाईन मिळालं, आणि ते संपल्यावर बदलायला सांगणारं कोणी नव्हतं म्हणून रिकामी बाटली तशीच लोंबत राहिली. मी उठून सिस्टरला सांगायला निघालो, तर दहातोंड्यांनी माझ्याकडे असा डोळा वटारला, की मी पाणी प्यायला गेल्यासारखा परत फिरलो. काळा रंग तोपर्यंत घोट्याला आला होता.

मी त्यांच्या खाटेजवळून गेल्यासारखं करत कुजबुजलो, "आता पुरे. सगळं समजलं. नाटक बंद करा. गावाकडचा पत्ता द्या, मी तार करतो."

त्यांनी नजर पंख्याकडे वळवली.

"बीएस्सी," ते म्हणाले, "नाटक कुठं करतोय मी?"

 शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. मी त्याला पाणी दिलं.

मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. कुठल्या, तेही सांगत नाही. दहातोंडे तापात होते आणि इतके उतरले होते, की ओळखीच्या डॉक्टरांनीही ओळखलं नसतं. ड्युटीवरचा डॉक्टर कोवळा पोरगा होता, डोळे न झोपल्यानं लाल झालेले. त्यानं पाय पाहिला आणि म्हणाला, "गुडघ्याखाली काढावा लागेल. लगेच. नाहीतर माणूस जाईल. सही कोण करणार?"

"कुनी न्हाई," दहातोंडे म्हणाले. आवाज जेमतेम येत होता. "नियम काय म्हनतो बघा."

"आजोबा, एवढ्या तापात तुमची सही चालत नाही, आणि घरचं कोणी नसलं तर नियमानं दोन मोठ्या साहेबांच्या सह्या लागतात. एक मीटिंगला आहेत, एक रजेवर. मी कळवतो, पण तुमचा पाय त्यांच्यासाठी थांबणार नाही."

"थांबू द्या न थांबू द्या. तेवढंच बघायचंय."

डॉक्टरला काही कळलं नाही. तो बेवारस पेशंटची खबर द्यायला पोलीस चौकीत फोन करायला वळला. आणि मी, इतके दिवस खांबाआड उभा राहिलेला, एकदम पुढे झालो. "मी आहे."

"पेशंट तुमचे कोण?"

किती सोपा प्रश्न होता. आणि मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, "मी सांख्यिकी सहायक."

डॉक्टरनं मला आपादमस्तक पाहिलं. वॉर्डबॉय हसला. मी चाचरत पुन्हा सुरू केलं, की हे आमचे विस्तार अधिकारी, आम्ही मूल्यमापन करतोय. तोपर्यंत डॉक्टरनं दहातोंड्यांच्या कपाळावर हात ठेवला होता आणि मलाही एकदा तपासावं असा त्याचा चेहरा झाला होता.

स्ट्रेचरवरून आवाज आला. "पुतन्या हाय."

आम्ही सगळे तिकडे वळलो. दहातोंडे माझ्याकडे बघत होते, आणि ती नजर जबडे तपासणाऱ्या माणसाची नव्हती.

"थोरल्या भावाचा पोरगा हाय. जरा येडा हाय. सही करू द्या त्याला." आणि मला म्हणाले, "कर रं. परीक्षा बाद झाली."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'अरे-तुरे' केलं होतं. मी 'नाते' ह्या शब्दापुढे 'पुतण्या' लिहिलं आणि सही केली. मग मला दहा जणांनी दहा ठिकाणी पळवलं: रक्त, इंजेक्शन, पट्ट्या, खालच्या मजल्यावरून चिठ्ठी, वरच्या मजल्यावरून शिक्का. मेव्हण्यासारखा पळालो. दवाखाना माझ्या पायाखाली एकदम सुरळीत चालायला लागला होता. जिना चढताना त्याचंच मला रडू आलं.

आम्ही बाकांवर बसलो होतो त्या दिवसांतच साहेबांनी जिल्ह्याचा फॉर्म मुंबईला पाठवून दिला होता. पाचवी पायरी. हे मी दहातोंड्यांना भीतभीत सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि कुशीवर वळले.

 पाय गेल्यावर त्यांनी जेवणं बंद केलं. थाळी यायची, झाकलेली राहायची, तशीच परत जायची. कोवळा डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाला, "मी कापायचं ते कापलं. आता खाल्लं नाही तर जखम भरणार नाही, आणि जखम भरली नाही तर मी काही करू शकत नाही. तुम्ही घरचे आहात, तुम्ही सांगा." मी सांगितलं. समजावलं, रागावलो, एकदा घास हातात धरून उभा राहिलो. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

शेजारच्या खाटेवर पारनेरकडचा एक शेतकरी होता, आणि त्याच्याजवळ त्याची म्हातारी आई जमिनीवर वळकटी टाकून राहत होती. मी ऑफिसातून संध्याकाळी जायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मी नसताना दहातोंडे त्या म्हातारीशी बोलतात. एकदा मी दारातच थांबून ऐकलं.

"थोरली वैनी म्हंजी आईच हाय बघा माझी," ते सांगत होते. "मी शाळंत हुतो तवा माझ्यासाठी भाकरीवर लोनी लपवून ठिवायची. भावाला सुदिक द्यायची न्हाई. आता गुडघं धरल्यात तिचं. न्हाईतर आली असती. पोराला रोज धाडती बघा, डबा घिऊन."

डबा मी खानावळीतून आणत होतो. अशी कोणी वहिनी कधी होती का, असलीच तर ती कुठे गेली, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

मी आत गेलो. दहातोंडे लगेच भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारची थाळी स्टुलावर तशीच होती. म्हातारीनं मला जवळ बोलावलं.

"तू व्हय रं पुतन्या? आईचं गुडघं कसं हायेत?"

मी दहातोंड्यांच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलत नव्हती. श्वासही घेत नव्हते बहुतेक.

"थंडीत जरा जास्त दुखतात, आजी," मी म्हणालो. "शेकते रोज. पण स्वतःचं सोडून तिला काकांचीच काळजी. मी घरी गेलो की चप्पल काढायच्या आधी विचारते, भाऊजी जेवले का? आज काय सांगू, तेच कळत नाही."

 वॉर्डाच्या त्या टोकाला कोणीतरी बादली सरकवत होतं.

दहातोंडे वळले नाहीत. त्यांचा एक हात मागे आला, स्टूल चाचपडत राहिला आणि थाळीच्या काठाला लागला.

"तिला सांग," ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "जेवतोय म्हनावं."